तीन नंबरचा कॅमेरा

त्यांच्या दुकानाला पाटी नव्हती. ओतूरच्या एसटी स्टँडवरून बाजारपेठेकडं निघालं की डाव्या हाताला खत-औषधांचं दुकान लागतं, त्याच्या भिंतीला भिंत लावून हे दुकान. पाटी का नाही असं विचारलं तर म्हणायचे, "ज्याला यायचंय त्यो शोधत येतू. पाटी बघून येनारा कोन असंल, काय सांगावं."

मी पहिल्यांदा तिथं गेलो तेव्हा ते टेबलावर एक वायर उलगडून तिचा इंच न् इंच बोटांनी चाचपत बसले होते. वर न बघताच त्यांनी विचारलं, कुणी पाठवलं. मी म्हणालो, कुणी नाही, इथं माणूस पाहिजे असं ऐकलं. कुणाकडनं ऐकलं, हा पुढचा प्रश्न. मग गाव कुठलं, आडनाव काय, आधी कुठं होतास, पुण्यातली नोकरी का सोडली. मी सांगितलं की गाव शिनोली, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालाय, वडील आजारी म्हणून परत आलोय. त्यांनी वडलांचा आजार कोणता, दवाखाना कोणता, डॉक्टर कोण हेही विचारून घेतलं. मला वाटलं, चौकशी करणारा माणूस मायाळू दिसतो. पुढच्या आठवड्यात कळलं की त्यांनी त्या दवाखान्यात माणूस पाठवून खात्री करून घेतली होती.

लग्नं, सप्ताह, सत्कार, कुस्त्यांचे आखाडे, बैलगाड्यांच्या शर्यती, जे काही होईल ते मोठ्या पडद्यावर आणि मोबाईलवर लाईव्ह दाखवायचं, हे त्यांचं काम. मैदानात चार-पाच कॅमेरे, एका कोपऱ्यात टेबल, टेबलावर कॅमेरे बदलायचा मिक्सर आणि स्क्रीन. त्या स्क्रीनवर सगळ्या कॅमेऱ्यांची चित्रं छोट्या छोट्या चौकोनांत दिसतात, आणि त्यातलं कोणतं चित्र लोकांना दाखवायचं ते टेबलावर बसलेला माणूस ठरवतो. तो माणूस म्हणजे हे. तोंडावर आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो, पाठीमागं डायरेक्टर. इथंही डायरेक्टरच म्हणतो. नाव लिहिलेलं त्यांना चालायचं नाही.

अंगानं काटकुळे, उंच, कायम पांढरा हाफ शर्ट. हेडफोन लावायचे तो एकाच कानाला. दुसरा कान उघडा. मागं कोण काय बोलतंय ते कळायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. कार्यक्रमाला जाताना टेम्पो एका रस्त्यानं न्यायचा आणि येताना दुसऱ्या. का, ते ड्रायव्हरलाही माहीत नव्हतं.

हेडफोनवरून कॅमेरामनला सूचना द्यायच्या तर त्यातही त्यांची भाषा होती. वायरलेसवर कुणी ऐकत असेल, म्हणून नवरी म्हणजे टोमॅटो, नवरदेव म्हणजे कांदा, भटजी म्हणजे लसूण आणि कार्यक्रमाला आलेला पुढारी म्हणजे भोपळा. "दोन नंबर, भोपळा आला, भोपळ्यावर जा," असं ते इतक्या गंभीरपणानं म्हणायचे की नवीन माणसाला हसायचंही धाडस व्हायचं नाही. एकदा एका कॅमेरामननं वधूचा शॉट सोडून जेवणाच्या पंगतीतली कोशिंबीर बराच वेळ दाखवली होती. त्यात त्याची काही चूक नव्हती.

ते बाहेर कुणाकडचं काही खायचे नाहीत. लग्नात शंभर पदार्थ असोत, डायरेक्टर टेबलाखाली पिशवीतला डबा काढायचे आणि भाकरी, चटणी, कांदा खायचे. सुरुवातीच्या दिवसांत मी एकदा माझ्या डब्यातली मासवडी त्यांच्यापुढं केली. त्यांनी हात आखडून घेतला. मी डबा झाकला. आमच्या घरात आजोबांच्या पिढीनं धर्म बदलला, वडील नोकरीत गेले, मी शिकलो, पण डबा पुढं केल्यावर आखडलेला हात ओळखायला आम्हाला वेळ लागत नाही. तेव्हापासून मी त्यांच्याशी कामापुरतं बोलायला लागलो. ते माझ्यावर संशय घेत होते आणि मी त्यांच्यावर, आणि अशा रीतीनं आमचं बरं चाललं होतं. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या मेव्हण्यानं हसत हसत सांगितलं की हे सख्ख्या बहिणीच्या घरी दिवाळीला येतात तेव्हाही डबा घेऊन येतात. ते ऐकून मला जरा बरं वाटलं, पण डबा काही मी पुन्हा पुढं केला नाही.

आमचे दोन कॅमेरामन चाकणच्या कंपनीत लागले तिथून आपोआप फिरणाऱ्या कॅमेऱ्यांची गोष्ट सुरू झाली. पोरांना बारमाही पगार मिळाला, ती गेली, एवढं सरळ होतं. डायरेक्टरांना मात्र त्यामागं नारायणगावच्या एका व्हिडिओवाल्याचा हात दिसत होता. मी त्यांना सुचवलं की आता असे कॅमेरे मिळतात जे स्वतःच माणसाचा चेहरा धरतात आणि तो जाईल तिकडं वळतात. एक माणूस टेबलावर बसून तीन कॅमेरे सांभाळू शकतो. पुण्यात मी हेच काम केलं होतं.

त्यांनी अख्खा लग्नाचा हंगाम विचार केला. त्यांची अडचण तांत्रिक नव्हती.

"माणूस कुनाच्या सांगन्यावरनं फिरतो ते आपल्याला कळतं," ते म्हणाले. "ह्यो कुनाच्या सांगन्यावरनं फिरतो?"

मी म्हणालो, आपणच सांगायचं असतं त्याला. ते माझ्याकडं असे बघत राहिले, जणू मी त्या कंपनीचा हस्तक आहे.

शेवटी दोन फिरते कॅमेरे आले. दुकानातच मी ते लावून दाखवले. कॅमेरा माणसाच्या डोळ्यांच्या उंचीच्या जवळपास हवा, फार वर टांगला तर त्याला टक्कलं दिसतात, चेहरे दिसत नाहीत. उजेड समोरून हवा, माणसाच्या मागं उघडं दार नको. वळायचा वेग कमी ठेवायचा, नाहीतर माणूस शिंकला तरी चित्र हलतं. चौकटीत डोक्यावर किती जागा सोडायची आणि खाली कमरेपर्यंत घ्यायचं की छातीपर्यंत, तेही ठरवून देता येतं. ठरावीक माणसालाच धरायचं असेल तर त्याचा चेहरा समोरून, डावीकडून, उजवीकडून टिपून लॅपटॉपमध्ये भरायचा. मग गर्दीत कितीही माणसं आली तरी कॅमेरा त्यालाच शोधतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, धरलेला माणूस दिसेनासा झाला तर काय करायचं तेही सांगून ठेवायचं. जिथं हरवला तिथंच बघत थांबायचं, की मूळ जागी परत यायचं.

डायरेक्टर कॅमेऱ्यासमोरून चालत गेले. कॅमेरा वळला. ते कपाटाआड गेले. कॅमेरा थांबला. ते बराच वेळ कपाटाआडच राहिले, मग दुसऱ्या बाजूनं हळूच डोकावले. कॅमेऱ्यानं झटकन तोंड तिकडं केलं. ते म्हणाले, "ह्यो माजी वाट बघत व्हता."

त्या दिवसापासून दुकान बंद करताना ते दोन्ही कॅमेऱ्यांची तोंडं भिंतीकडं करून वर टॉवेल टाकायचे. आमच्या भागात उसाच्या कडेला बिबट्यासाठी वनखात्याचे कॅमेरे लावलेले असतात, त्यांच्याबद्दलही त्यांचं मत होतं की बिबट्या हे निमित्त आहे.

पहिल्या पहिल्या कार्यक्रमांत कॅमेऱ्यांनी त्यांना संशयाला भरपूर जागा दिली. एका सत्काराला स्टेजमागं मोठा फ्लेक्स होता, त्यावर तालुक्यातल्या पुढाऱ्यांचे चेहरे ओळीनं. सत्कारमूर्ती भाषण करत होते आणि आमचा कॅमेरा त्यांना सोडून फ्लेक्सवरच्या एका पुढाऱ्यावर जाऊन बसला. भाषण एकाचं, पडद्यावर चेहरा दुसऱ्याचा, आणि तोही निवडणुकीच्या तोंडावर. डायरेक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, तुझं आणि त्याचं काय आहे. मी समजावलं की यंत्राला छापलेला चेहरा आणि जिवंत चेहरा यांतला फरक कळत नाही. मग कॅमेऱ्यानं कुठवर बघायचं त्याची हद्द मी आखून दिली. पुढच्या लग्नात अंतरपाट धरल्यावर नवरा-नवरीचे चेहरे झाकले गेले आणि कॅमेऱ्यानं नवरीच्या मामाला धरलं ते सोडेचना. मामा खुशीत होते. डायरेक्टरांनी मामांबद्दलही चौकशी केली.

एकदाच मी त्यांना त्या कॅमेऱ्यांवर खूश झालेलं पाहिलं. आहुप्याच्या शाळेत एक कार्यक्रम होता. डोंगरावरचं धुकं खाली उतरलं आणि मैदानावर असं पसरलं की मुलं हाताच्या अंतरावर दिसेनात. दोन्ही कॅमेरे इकडून तिकडं वळत राहिले, एकही चेहरा त्यांना मिळेना. डायरेक्टर हेडफोन काढून खुर्चीत मागं टेकले आणि आख्ख्या कार्यक्रमात प्रसन्न चेहऱ्यानं बसून राहिले.

ज्या लग्नासाठी हे सगळं सांगतोय त्याचं सांगायचं तर आधी नवरदेवाच्या चुलत्याबद्दल सांगायला पाहिजे. नारायणगावच्या बाजूचं बागायतदार घर. द्राक्षाच्या बागा, घराला मोठं फाटक. मुलाचं लग्न होतं. मुलाचे वडील गरीब स्वभावाचे. सगळा कारभार धाकट्या भावाकडं, म्हणजे नवरदेवाच्या चुलत्याकडं. हा माणूस गावचा माजी सरपंच, बोलण्यात साखर, आणि त्याला कुणी नाही म्हटलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. डायरेक्टर त्यांच्याच समाजातले, आणि त्यांची बहीण त्याच गावात दिलेली. त्यामुळं ऑर्डर आपल्याकडं येणार हे ठरलेलंच होतं.

लग्नाच्या काही दिवस आधी चुलते स्वतः दुकानात आले. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग त्यांनी मोबाईलमधला एक फोटो पुढं केला. पुतणी आहे, नवरदेवाची थोरली बहीण, असं म्हणाले. तिच्या डोक्यावर परिणाम झालाय, दवाखाना चालू होता, त्यातच ती घरातून निघून गेली. भावाच्या लग्नाला ती येणार, आणि आली की चारचौघांत तमाशा करणार.

"तुमचा क्यामेरा चेहरा वळखतो म्हनं," ते म्हणाले. "तिला त्यात घाला. हालमधी शिरली की मला नुसतं सांगा. आमी गुपचूप बाजूला घिऊ. घरचं मानूस हाय, जपायला पायजे."

डायरेक्टरांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला. तो इकडंतिकडं सरकवला. फोटो कापलाय का, असं विचारलं. चुलते म्हणाले, ग्रुपमधला आहे, बाकीची माणसं कशाला.

"बरं," डायरेक्टर म्हणाले. "घालतो."

मी चमकलो. चहात आलं कुणी घातलं याची चौकशी करणारा माणूस एवढ्या मोठ्या गोष्टीला एका शब्दात हो म्हणाला. पुढं तर ते चुलत्यांशी फारच आदरानं वागायला लागले. चेहरा कसा भरतात ते बघा म्हणाले, आणि त्यांना कॅमेऱ्यासमोर उभं केलं. मला त्यांनी चहा आणायला पाठवलं. पाहुण्यांसाठी त्यांनी चहा सांगितल्याचं ते पहिलंच उदाहरण. मी परत आलो तेव्हा चुलते टोपी नीट करून एकदा उजवीकडं, एकदा डावीकडं तोंड वळवत होते, चष्मा घालून आणि काढून, आणि डायरेक्टर लॅपटॉपवर काहीतरी करत होते. त्याआधी ते लॅपटॉपला हातही लावत नसत. मी मनात म्हणालो, मोठ्या माणसाला खूश कसं करायचं ते यांना चांगलं येतं.

चुलते गेल्यावर फोटो मी बघितला. तो त्यांनी डायरेक्टरांच्या मोबाईलवर पाठवला होता. पंचविशीची मुलगी, हसणारी. गळ्याशी हाराची कड दिसत होती. खांद्याला लागून कुणाचीतरी पांढरी बाही. आणि मागं, जिथं फोटो कापला होता तिथं, धम्माच्या पंचरंगी झेंड्याचा एक कोपरा राहून गेला होता. तसा फोटो आमच्या घरी भिंतीवर आहे, माझ्या बहिणीच्या लग्नातला. मला पुढचं कुणी सांगायची गरज नव्हती. मुलगी वेडी नव्हती. तिनं आमच्या समाजातल्या मुलाशी लग्न केलं होतं. आंबेगावकडचा मुलगा, दोघं पुण्याकडं कुठंतरी राहतात, घरचे शोधतायत, एवढं आमच्या नात्यात कुजबुजत ऐकलंही होतं. फक्त घर हे असेल हे माहीत नव्हतं.

मी त्यांना विचारलं, "भाऊ, हे आपन करायचं?"

ते म्हणाले, "तू तुजं काम कर. चेहऱ्यांचं मी बघतो. त्यात हात घालायचा नाय."

त्या रात्री घरी मी भिंतीवरचा बहिणीचा फोटो बघत बसलो. डबा आठवला, आखडलेला हात आठवला, त्या गावात दिलेली बहीण आठवली. सगळं एकमेकांत बसत होतं. काम सोडावं असंही मनात आलं. पण सोडलं तर टेबलावर दुसरं कुणी बसणार, आणि मग त्या मुलीला निदान कुणीतरी खुणावेल तेही राहणार नाही. ती दिसली तर कॅमेऱ्याची वायर ओढायची, असं मी ठरवलं. मुलगी हॉलपर्यंत आली आणि त्यांच्या हाती लागली तर तिचं काय होईल याचा विचार मी पुरता करू शकत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी डायरेक्टर मला टेम्पोत घेऊन नवरदेवाच्या घरी गेले. घरचे चेहरे बघून ठेवायला पाहिजेत, असं फाटकावर सांगितलं. मला टेम्पोतच बसवलं. पुढच्या दारानं आत गेले आणि बऱ्याच वेळानं स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं बाहेर आले. त्यांच्यामागं दारात नवरदेवाची आई उभी होती, पदराचं टोक तोंडाशी धरून. आत काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. फक्त एवढंच म्हणाले, "तिच्या आईनं चहा दिला. मी प्यालो."

लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये एक नंबरचा कॅमेरा आमच्या उरलेल्या कॅमेरामनकडं, दोन नंबरचा स्टेजपाशी नवरा-नवरीला धरून, आणि तीन नंबरचा हॉलच्या मधोमध स्टँडवर, सगळीकडं बघू शकेल असा. हाच चेहरा शोधणारा. पाहुणे यायला लागले तसा तो हळूहळू फिरायला लागला. माझं लक्ष त्याच्याच चौकोनाकडं. प्रत्येक पोरीचा चेहरा आला की माझा हात वायरीकडं जायचा. शेजारी डायरेक्टरही त्याच चौकोनाकडं बघत बसलेले.

मग कॅमेऱ्यानं एक चेहरा धरला. तो चुलत्यांचा होता. चुलते दारातून स्टेजकडं गेले, कॅमेरा त्यांच्यामागं. ते व्याह्यांना भेटले, कॅमेरा तिथं. मला वाटलं, काहीतरी बिघडलं. लॅपटॉपकडं हात नेला तर डायरेक्टरांनी माझं मनगट धरलं.

"हात लावू नको."

"भाऊ, त्यानं चुकीचा मानूस धरलाय."

"बराबर मानूस धरलाय," ते म्हणाले.

मला कळायला थोडा वेळ लागला. त्या दिवशी दुकानात चुलत्यांना डावीकडं-उजवीकडं वळायला लावलं होतं ते दाखवण्यासाठी नव्हतं. मुलीचा चेहरा लॅपटॉपमध्ये कधी गेलाच नव्हता. गेला होता तो तिला शोधणाऱ्याचा. आख्ख्या हॉलमध्ये चुलते कुठं आहेत हे आता डायरेक्टरांना खुर्चीत बसून दिसत होतं.

चुलते मधूनमधून आमच्या टेबलाशी यायचे. आली का, विचारायचे. ते निघालेले दिसले की डायरेक्टर डब्याची पिशवी उचलून स्क्रीनच्या त्या कोपऱ्यापुढं ठेवायचे, कारण तीन नंबरच्या चौकोनात चुलत्यांचीच पाठ आणि आमची तोंडं दिसत असायची. अजून नाही, असं ते सांगायचे. एकदा चुलत्यांनी पिशवीकडं बघितलं आणि तिथं काय आहे म्हणून विचारलं. डायरेक्टरांनी पिशवी उघडून आतली भाकरी दाखवली. चुलत्यांनी तोंड वाकडं केलं.

मंगलाष्टका झाल्या, लोक जेवणाकडं निघाले, तेव्हा डायरेक्टर चुलत्यांना म्हणाले की हितं उभं राहून लोकांना शंका येईल. ती आली तर पुढच्या दारानं येणार नाही, जेवणाच्या मांडवातून बायकांच्या घोळक्यात शिरेल, तुम्ही तिकडं थांबा. चुलत्यांना ते पटलं. ते बाजूच्या दारानं मांडवात गेले. तीन नंबरचा कॅमेरा त्या दारापर्यंत त्यांच्याबरोबर गेला, ते दिसेनासे झाले आणि कॅमेरा तिथंच थांबला. माणूस हरवला तर मूळ जागी परत ये, असं मी त्याला सांगून ठेवलं होतं. डायरेक्टरांनी ते बदललं होतं. जिथं हरवला तिथंच बघत थांब.

मग त्यांनी मिक्सरवरचं बटण दाबलं आणि मोठ्या पडद्यावर स्टेजच्या कडेची फुलांची कुंडी आली. नवरा-नवरी सप्तपदीला निघालेत आणि पडद्यावर कुंडी. एक दोन पाहुणे आमच्याकडं वळून बघायला लागले. डायरेक्टर हलले नाहीत. कुंडी दिसली तशी पहिल्या रांगेत बसलेली नवरदेवाची आई पडद्याकडं बघत उठली आणि स्टेजमागच्या खोलीत गेली. तेवढ्यात मागच्या जिन्यानं एक मुलगी वर आली. डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फनं बांधलेला, जशा आमच्याकडच्या गाडीवर फिरणाऱ्या सगळ्याच मुली बांधतात. ती त्याच खोलीत शिरली. त्या दिवशी नवरदेवाच्या घरी आईशी काय ठरलं होतं ते मला आता कळलं. सप्तपदी झाल्यावर फेटा सुटला म्हणून नवरदेवही आत गेला.

कुंडी पडद्यावर होती. डायरेक्टर त्या बाजूच्या दाराच्या चौकोनाकडं बघत होते. हेडफोन त्यांनी कानावरून काढून ठेवला होता. बोट मिक्सरच्या बटणावर ठेवलेलं होतं.

दारात चुलत्यांची टोपी दिसली. कॅमेऱ्यानं त्यांना धरलं. डायरेक्टरांनी बटण दाबलं, कुंडी गेली आणि पडद्यावर नवरी आली. खोलीचं दार उघडलं, आधी नवरदेव बाहेर आला, फेटा होता तसाच. मग आई, डोळे पुसत. लग्नात आईनं डोळे पुसले तर कुणाला नवल वाटत नाही. स्कार्फवाली मुलगी मागच्या जिन्यानं कधी उतरली ते मीही पाहिलं नाही. चुलते चालत स्टेजकडं गेले, आणि तीन नंबरचा कॅमेरा इमानदारीनं त्यांच्याबरोबर.

सामान आवरताना चुलते येऊन म्हणाले, आली नाही म्हणजे बरंच झालं. डायरेक्टर म्हणाले, होय, बरंच झालं. टेम्पोत बसायच्या आधी त्यांनी लॅपटॉपमधून तो चेहरा माझ्याकडून काढून टाकायला लावला, आणि खरंच गेला का ते पुन्हा पुन्हा दाखवायला लावलं.

पण गोष्ट लपली नाही. त्या खोलीत नवरदेवानं बहिणीबरोबर स्वतःच्या मोबाईलवर एक फोटो काढला होता, आणि तो कुणाकडून तरी कुणाकडं गेला. चुलते दुकानात आले. आवाज चढवला नाही. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, यंत्रानं कशी काय सोडली.

"यंत्र हाय," डायरेक्टर म्हणाले. "चुकतं."

चुलत्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "भाऊ, तुमची बहीन आमच्याच गावात हाय."

"म्हाईत हाय," डायरेक्टर म्हणाले. "म्हनून तर तुमाला वळखतो."

त्या दिवसानंतर त्या बाजूच्या ऑर्डरी बंद झाल्या. सप्ताह गेला, शर्यती गेल्या. ते एक वेळ त्यांनी सोसलं असतं. पण त्या वर्षी राखीला बहीण आली नाही. तिचा फोनही आला नाही. त्या दिवशी डायरेक्टर सकाळपासून दुकानात वायरी चाचपत बसले होते आणि स्टँडवर त्या गावाची गाडी लागली की उठून दारात जायचे. मेव्हण्यानं नंतर निरोप धाडला की काही दिवस येणंजाणं नको. तो हसून डब्याचं सांगणारा मेव्हणा.

मी त्यांना एकदा विचारलं की तुम्ही हे का केलं. एवढं अंगावर घ्यायची काय गरज होती, ऑर्डर नाकारता आली असती. त्यांनी माझ्याकडं संशयानं बघितलं. नाकारली असती तर त्यानं दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं असतं, एवढं म्हणाले. मग बराच वेळ कामात असल्यासारखं दाखवून म्हणाले, "खरं बोलनारा मानूस फोटू कापून आनत नाय." समाज, जात, त्या मुलीची बाजू, यातलं एक अक्षर ते बोलले नाहीत. माझ्या मनात त्यांच्याबद्दल काय काय येऊन गेलं होतं, ते मीही बोललो नाही. मला वाटतं, त्यांना ते माहीत होतं.

काही महिन्यांनी एका दुपारी दुकानासमोर मोटारसायकल थांबली. चालवणारा गाडीवरच बसून राहिला. मागं बसलेली मुलगी उतरून आत आली, स्कार्फ बांधलेली. तिनं विचारलं, तुम्हीच का ते व्हिडिओवाले भाऊ.

डायरेक्टर म्हणाले, कोण पाहिजे.

ती म्हणाली, मी त्या लग्नातली, नवरदेवाची बहीण. त्यांनी तिला स्कार्फ सोडायला सांगितला. तिनं सोडला. फोटोतलीच मुलगी, जरा वाळलेली. त्यांनी तिला आईचं नाव विचारलं, शेताच्या बांधावर कसलं झाड आहे ते विचारलं, आईच्या कपाळावर खूण कुठल्या बाजूला आहे ते विचारलं. ती सगळ्याची उत्तरं देत गेली. शेवटचं उत्तर देताना तिनं स्वतःच्या कपाळावर बोट ठेवून जागा दाखवली.

"आसंल," डायरेक्टर म्हणाले.

तिला एकच गोष्ट पाहिजे होती. त्या दिवशीचं आईचं काही आहे का तुमच्याकडं, म्हणाली. त्या खोलीतलं. भावाच्या फोटोत आई नाही, तिनं पदर तोंडावर घेतला होता. आता आईचा फोनही काढून घेतलाय. थोडंसं चित्र असलं तरी चालेल, नुसता आवाज असला तरी.

"त्या खोलीत क्यामेरा नव्हता," ते म्हणाले. "मीच ठिवला नाय."

ती मान हलवत राहिली. बरोबर आहे, बरोबर आहे, असं दोनदा म्हणाली. मग वाकून त्यांच्या पाया पडली, स्कार्फ बांधला आणि गाडीवर जाऊन बसली.

गाडी निघाल्यावर डायरेक्टर मला म्हणाले, कोपऱ्यापर्यंत जा आणि त्यांच्यामागं कुणी लागलंय का बघून ये. मी गेलो. मोटारसायकल आळेफाट्याच्या रस्त्याला लागली होती. मागं एक दुधाचा टेम्पो आणि कांद्याच्या पिशव्या लादलेला ट्रॅक्टर, बाकी कुणी नाही. मी परत येऊन तसं सांगितलं.

त्यांचा विश्वास बसला नाही. पायात चपला अडकवून ते स्वतः निघाले. मी दारात उभा राहून बघत होतो. कोपऱ्यावर जाऊन ते थांबले नाहीत, पुढं गेले, जिथून रस्ता लांबवर दिसतो तिथं जाऊन उन्हात उभे राहिले. दुधाचा टेम्पो त्यांच्यासमोरून वळून निघून गेला. ट्रॅक्टर गेला. मोटारसायकल तर कधीच दिसेनाशी झाली होती. दुकानात एक गिऱ्हाईक येऊन बसलं होतं, म्हणून मी त्यांना हाक मारली. त्यांनी मागं न बघता हात वर केला, थांब म्हणून, आणि रस्त्याकडं बघत राहिले.